खर्जाची तार

दादा गेल्यानंतरच्या पहिल्याच मिस्सेत आमचे प्रवेशगीत दुसऱ्या कडव्याला विस्कटले. पेटीवर मी होतो. सूर नेहमीचाच, काळी एक. चालही तीच, आम्ही गेली तीस वर्षे म्हणत आलो ती. बायका धीराने गात राहिल्या, पण पुरुष मात्र एकेक करून थांबले. तिसऱ्या कडव्याला तर माझ्यावाचून एकाही पुरुषाचा आवाज उरला नव्हता. फादरांनी काही न बोलता पुढची प्रार्थना सुरू केली.

कारण मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले. दादाचा गळा खालच्या सप्तकातला, जाड आणि संथ. तो कधी ताना घेत नसे, कधी पुढेही जात नसे. पण ज्यांना स्वतःच्या गळ्याचा भरवसा नव्हता अशी चार-पाच माणसे त्याच्या आवाजाच्या आडोशाला उभी राहून गात असत. आपण चुकलो तरी दादाच्या आवाजात ते बुडून जाईल, हा त्यांचा विश्वास. तो आडोसा गेला आणि ती माणसे उघड्यावर पडली. दादा होता तेव्हा हे मला एकदाही जाणवले नव्हते, याची खंत आजही वाटते.

शिराळ्यात आम्ही कॅथलिक मंडळी थोडी. आमचे वडील मूळचे नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले. वारणेवर चांदोलीच्या धरणाचे काम चालू असताना पाटबंधारे खात्याच्या नोकरीनिमित्त ते इकडे आले आणि इथलेच झाले. महिन्यातून एकदा दादाच्या घरी, पुढच्या सोप्यात मिस्सा होते. भिंतीलगत एक जुना सागवानी बाक आहे. वहिनी त्याच्यावर बसतात. गेल्या काही वर्षांत त्यांना ऐकू येईनासे झाले आहे. ओठांच्या हालचालींवरून त्या प्रार्थना ओळखतात आणि आपल्या वेळी 'आमेन' म्हणतात. कधी थोडे आधी, कधी थोडे नंतर.

दादाचा मुलगा कारखान्यात फिटर आहे. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात तो कोल्हापूरकडच्या एका ऑर्केस्ट्रात मागून आणलेली बेस गिटार वाजवतो. त्या मिस्सेनंतर दोन महिन्यांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, बाबांची जागा गाऊन भरायची तर माझा गळा तेवढा जाड नाही. पण खालचा सूर वाजवून देता येईल. स्वतःची बेस घ्यायचे माझ्या मनात आहेच. निम्मे पैसे माझे. निम्मे मंडळींनी घातले तर ती घरच्या मिस्सेलाही वाजेल."

मी होकार दिला, पण मंडळींपुढे विषय काढताच आमच्यातले एक वयोवृद्ध उपदेशक उठले. "लग्नाच्या वरातीत वाजते ते पवित्र वेदीपुढे वाजणार?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. म्हणून उत्तरही जबाबदारीने द्यायला हवे होते.

मी थोडे वाचन केले. संत दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात ढोल, झांजा यांच्याबरोबर चक्क पियानोलाही चर्चमध्ये मनाई होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच्या 120व्या कलमात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आहे, पण इतर वाद्यांनाही दार उघडले आहे. अट एवढीच, की वाद्य पवित्र कार्याला साजेसे असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांच्या उन्नतीला खरोखर हातभार लावणारे असावे. आणि अर्थात अधिकारी धर्मपीठाची संमती असावी. 1967 च्या सूचनेत मात्र, सर्वसामान्य समजुतीने आणि वापराने जी वाद्ये केवळ ऐहिक संगीताचीच ठरतात ती उपासनेत नकोत, असेही बजावले आहे. म्हणजे उपदेशकांची शंका अगदीच निराधार नव्हती.

मग मी त्यांना पेटीची गोष्ट सांगितली. आपली पेटी युरोपातून आली. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली ती 1971 पर्यंत टिकली. तिच्या ठरलेल्या सुरांतून मींड आणि श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप. आज त्याच पेटीवाचून आपले एक भजन उभे राहत नाही. उपदेशकांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "मास्तर, फादरांना विचारा. ते हो म्हणाले तर आणा. पण वाद्य दिसायला नको, गाणे दिसू दे." फादरांनी संमती दिली, आणि नकळत उपदेशकांनी आम्हांला निवडीची कसोटीही देऊन टाकली.

आता निवड. बेस गिटार म्हणजे एकच वाद्य, असा माझा समज होता. पुतण्याने एका रविवारी तो खोडून काढला. त्याने सांगितले आणि मी पुढे पडताळून पाहिले ते असे. पूर्वी वाद्यवृंदात खालचा सूर उभ्या डबल बेसवर वाजे. ते वाद्य माणसाहून उंच. त्याला पडदे नसल्याने बोट नेमके कुठे ठेवायचे हे कानाने ठरवावे लागे. 1930 च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी आडवी धरायची, पडद्यांची विजेवरची बेस बनवून पाहिली. ती फारशी चालली नाही. 1951 साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी जी बाजारात आणली तिने मात्र जग जिंकले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिचे नावच 'प्रिसिजन' ठेवले. चार तारा, ई-ए-डी-जी. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी 34 इंच. 1957 पासून तिच्या तारांखाली दोन तुकड्यांचा एकच पिकअप बसू लागला. तिचा आवाज एकजिनसी, भरीव आणि थोडा बोथट.

1960 साली त्याच कारखान्यातून 'जाझ बेस' आली. हिच्या दांडीचे वरचे टोक निमुळते, साधारण 38 मिलिमीटर. प्रिसिजनचे बहुधा 41 ते 44. पिकअप दोन, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. घोडीजवळचा पिकअप उघडला की स्वराला धार येते, बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते. पुढे फेंडर म्युझिक मॅन या दुसऱ्या कंपनीत असताना 1976 मध्ये 'स्टिंगरे' निघाली. तिच्या पोटात बॅटरीवरचे छोटे विद्युत मंडल असते आणि आवाज उसळून बाहेर येतो. शिवाय जर्मनीतील हॉफ्नर यांची पोकळ अंगाची, व्हायोलिनच्या आकाराची, आखूड तारांची बेस. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली हॅम्बर्गमध्ये घेतली ती. बिनपडद्यांची बेस निराळीच. जाको पास्टोरियस यांनी ती गाती केली. आणि सर्वांत खाली आणखी एक जाड तार जोडलेली पाच तारांची.

"तुला कोणती हवी?" मी विचारले.

"पाच तारांची," तो लगेच म्हणाला. त्याचे कारणही पटण्यासारखे होते. ऑर्केस्ट्रातले गायक आपल्या पट्टीप्रमाणे गाणी उतरवतात. सूर डी किंवा सी वर आला की चार तारांच्या बेसचा तळ संपतो. ऑर्केस्ट्राचे चालक त्याला तसे बोललेही होते. पाच तारा असल्या तर हंगामाची कामे पक्की. तिकडे पोटाचा प्रश्न होता, इकडे आमच्या गाण्याचा, आणि वाद्य मात्र एकच घेता येणार होते. सगळे मिळून आमच्याजवळ 22,000 रुपये जमले होते.

त्याच सुमारास पेटीचा भाता दुरुस्तीला घेऊन मी मिरजेला गेलो. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचे गाव. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि त्या कारागिरीचा वारसा आजही चालू आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकरांपैकी एका वृद्ध कारागिराजवळ मी बसलो होतो. ते तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत होते. पंचमाची तार, जोडाच्या दोन तारा आणि शेवटी पितळेची खर्जाची. त्यांनी खर्जाची तार छेडली, घोडीवरचा दोरा केसभर सरकवला, पुन्हा छेडली. असे किती वेळा केले कोण जाणे.

मी त्यांना माझा प्रश्न सांगितला. विजेची बेस त्यांनी कधी हाती धरली नव्हती, पण प्रश्न कळला. ते म्हणाले, "मास्तर, गवयी तंबोरा घ्यायला आला की आम्ही त्याला तंबोरा ऐकायला सांगत नाही. गायला सांगतो. गाताना तंबोऱ्याकडे लक्ष गेले तर तो त्याचा तंबोरा नव्हे." उपदेशकांनी जे सांगितले होते तेच हे, निराळ्या तोंडून.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे पेठ नाक्यावरून पुण्याची गाडी धरली. दुकानात पोहोचलो तेव्हा भिंतीवर पंधरा-वीस गिटारी टांगलेल्या होत्या. आमच्या पैशांत बसणाऱ्या तीन-चारच. फेंडरच्या नव्हेत, त्या घाटावर इतरांनी बनवलेल्या. पुतण्याने आधी पाच तारांची घेतली. दुकानातल्या मोठ्या अॅम्प्लिफायरवर तिची खालची तार घुमली तेव्हा माझ्या छातीत कंप उठला. मग त्याने तीच तार एका लहान अॅम्प्लिफायरवर वाजवायला मागितली. मित्राने त्याला देऊ केलेला जुना अॅम्प्लिफायर तेवढ्याच आकाराचा होता. आता नुसती घरघर आली. विक्रेत्याने प्रामाणिकपणे समजावले, की या तारेची कंपने सेकंदाला सुमारे 31. लहान स्पीकरला ती झेपत नाहीत. ई ची 41 सुद्धा तो पुरी देत नाही, पण वरच्या उपस्वरांवरून आपला कान ती भरून काढतो. पाचव्या तारेचा पुरा लाभ घ्यायचा तर मोठा अॅम्प्लिफायर हवा, म्हणजे तेवढेच पैसे आणखी. पुतण्याने गिटार हलकेच परत टांगली. त्याचा चेहरा मला पाहवेना.

मग प्रिसिजन घाटाची. पहिल्या स्वराला मी जागच्या जागी थिजलो. तो दादाचा आवाज होता. म्हणजे अर्थातच नव्हता. पण तोच जाडपणा, तोच संथ विस्तार. तारा सपाट वेष्टनाच्या होत्या, त्यामुळे बोटांची करकर नव्हती. अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांमागे जेम्स जेमर्सन अशाच तारांची प्रिसिजन एका बोटाने वाजवत, आणि ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. मी म्हणालो, "हीच. दुसरी बघूच नकोस."

पुतण्या वाजवत राहिला. पाच मिनिटांनी त्याने डावा हात झटकला. पुन्हा वाजवले, पुन्हा झटकला. रुंद दांडीवर त्याची करंगळी पोहोचत नव्हती. त्याचे हात आईवर गेले आहेत, लहान आणि निमुळते. मला ते दिसत होते, तरी मी म्हणालो, "सवय होईल."

त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "काका, बाबांचा आवाज बाबांबरोबर गेला. तो दुकानात मिळायचा नाही. मला माझ्या हाताने वाजवायचे आहे."

मी काही बोललो नाही. दादा गेल्यानंतर मी एकदाही मोकळेपणाने रडलो नव्हतो. बावीस हजार रुपयांत मी भाऊ परत आणायला निघालो होतो, आणि त्यासाठी त्याच्या मुलाचे हात मोडायलाही तयार झालो होतो, हे त्या दुकानात, परक्या माणसांदेखत मला कळले.

शेवटी त्याने जाझ घाटाची उतरवली. तिची दांडी त्याच्या पंजात चपखल बसली. दोन्ही पिकअप उघडून त्याने ऑर्केस्ट्रातली एक चाल वाजवली; सूर खणखणीत, नाचरा. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत, त्या काळापासून हिंदी चित्रपटगीतांचे पाय या वाद्यावर थिरकत आले आहेत. ते सगळे तिच्यात होते. मग त्याने घोडीजवळचा पिकअप जवळजवळ बंद केला, बोटे दांडीच्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, "आता तुम्ही गा."

"इथे?"

"बाबा गायचे ते अर्पणगीत."

मी मिरजेच्या कारागिरांचे शब्द आठवले, डोळे मिटले आणि काळी एकमध्ये सुरुवात केली. पहिल्या ओळीला मी वाद्य ऐकत होतो. दुसऱ्या ओळीला शब्द ऐकू लागलो. कडवे संपले तेव्हा ध्यानात आले, की मधल्या वेळात बेस आहे की नाही याचा मला विसर पडला होता. आणि माझा आवाज, जो गेले कित्येक महिने घशातच अडकत होता, सरळ बाहेर आला होता. तीच घेतली. वर सपाट वेष्टनाच्या तारांचा संच घेतला. ती माझी एवढीच हौस त्याने पुरवली. ऑर्केस्ट्रात गरज पडली तर ई ची तार डी पर्यंत उतरवून काम भागवीन, म्हणाला. चालकांना ते पटले नाही. त्या हंगामात त्याची काही कामे दुसऱ्याकडे गेली. ती किती, हे त्याने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

शिराळ्याचे नाव निघाले की लोकांना नागपंचमी आठवते. जिवंत नागांच्या त्या प्रथेवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंधने आली. पण नागांविषयीची समज गावात मुरलेली आहे. लहानपणी एका जाणत्या माणसाने आम्हां भावांना सांगितले होते, की नाग पुंगीच्या सुरावर डोलत नाही, ती हलते म्हणून डोलतो. त्याला बाहेरून कान नसतात. पण जमिनीवर टेकलेल्या जबड्याच्या हाडांतून त्याला पावलांचा हादरा कळतो. विज्ञानही हेच सांगते. खालचे, जाड स्वर त्याला जाणवतात, वरचे पातळ जाणवत नाहीत. हे मला बऱ्याच वर्षांनी आठवले, ते पुढल्या मिस्सेला.

सोप्यात विजेचे बटण बाकाजवळच आहे. त्यामुळे अॅम्प्लिफायर बाकाच्याच एका टोकावर ठेवावा लागला. दुसऱ्या टोकाला वहिनी होत्या. पुतण्या मागे, भिंतीला टेकून बसला होता. फादरांना तो दिसतही नव्हता. मी पेटीवर सूर दिला. पहिल्या कडव्याला नेहमीप्रमाणे बायकाच गायल्या. दुसऱ्या कडव्याला एक पुरुष दबकत मिसळला, मग दुसरा. उपदेशकांनी मान खाली घातली होती, पण त्यांचे ओठ हलत होते.

आणि वहिनी चमकल्या. त्यांनी आधी शेजारी पाहिले, मग हाताखालच्या लाकडाकडे. उजवा तळवा त्यांनी बाकाच्या फळीवर सपाट टेकवला आणि डोळे मिटले. गीत संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. शेवटच्या ओळीनंतर स्वर विरला तेव्हा त्यांनी 'आमेन' म्हटले. थोडेही आधी नाही, थोडेही नंतर नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात शरीराचा दृष्टान्त आहे. जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्याचवाचून शरीराचे चालत नाही, असा त्याचा आशय. मंडळीच्या गाण्यालाही तो लागू पडतो, हे मी आता समजू लागलो आहे. मात्र खालचा सूर कोणी धरायचा आणि कसा धरायचा, हे वरून गाणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याच्या हातांनी तो धरायचा आहे त्याचे हात आधी पाहावेत. दादाने आयुष्यभर ते काम गळ्याने केले. त्याचा मुलगा ते आईच्या हातांनी करतो आहे.

मिस्सा संपल्यावर वहिनी मुलाला जवळ बोलावून म्हणाल्या, "पुढच्या वेळीही तो खोका इथेच ठेव हो, बाकावर."